हातचा एक

माझे आणि गणिताचे सख्य कधीच जमले नाही. दहावीला जेमतेम सुटलो आणि पुस्तक त्याच दिवशी रद्दीत घातले. ही हकीगत मी वर्गात मोठ्या अभिमानाने सांगतो. पण परवा सातवीतल्या आमच्या चिरंजीवांना गणितात शंभरांपैकी एकतीस गुण पडले, तेव्हा तो अभिमान कुठे गेला कोण जाणे! प्रगतिपुस्तकावर सही न करता मी दोन दिवस अबोला धरला.

तिसऱ्या रात्री पाहतो तो स्वारी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नुसते एकावर एक मांडून बसलेली. "पोरखेळ पुरे, पाढे म्हण!" मी ओरडलो.

"बाबा, हे बघा तरी. नऊ एक लिहायचे आणि त्या संख्येला तिनेच गुणायचे."

उत्तर होते १२३४५६७८९८७६५४३२१. नऊपर्यंत चढायचे आणि तसेच उतरायचे! प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते, म्हणून पहिल्या घरात एक एकटा, दुसऱ्यात दोन, मधल्यात नऊ. मला कापरेकरांची आठवण झाली. देवळालीच्या शाळेतले हे शिक्षक (१९०५-१९८६) असल्याच संख्यांच्या नादी लागले होते. कल्पना डोंबिवली स्टेशनवर सुचली म्हणून त्यांनी त्यांना 'डेमलो' संख्या म्हटले. आपल्याकडचे कितीतरी विद्वान त्यांना हसले. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले.

मग मीही माझी विद्या पाजळली. 'लीलावती'त भास्कराचार्यांनी अठरा स्थानांना नावे दिली आहेत. ही संख्या सतरा अंकी, म्हणजे तिच्या सर्वांत उंच स्थानाचे नाव 'मध्य'! आम्ही दोघेही हसलो. किती दिवसांनी, ते मोजले नाही.

"आणि दहा एक घेतले तर?"

उत्तर एकोणीस अंकी येणार. अठरावे स्थान परार्ध. त्यापुढे आचार्यांकडेही नाव नाही. मी पेन्सिल घेतली. मनोरा आणखी एक पायरी चढेल अशी माझी खात्री. पण बेरीज काही केल्या जमेना.

"बाबा, हातचा विसरलात."

त्याने हळूच पेन्सिल काढून घेतली. आले १२३४५६७९००९८७६५४३२१. मधोमध दोन शून्ये आणि चढणीवरचा आठ बेपत्ता.

"आठ हरवला की रे!"

"हरवला नाही. मधल्या घरात दहा झाले, त्याचा हातचा शेजारच्या नवाला. त्याचेही दहा झाले, त्याचा हातचा आठाला. आठाचा नऊ झाला, बाबा."

एकतीस गुणांचा मुलगा मला हे सांगत होता. 'हातचे सोडून पळत्यामागे लागू नये' ही म्हण मी वर्षानुवर्षे शिकवतो आहे. मी मुकाट्याने प्रगतिपुस्तक ओढले आणि सही केली.

आतून आवाज आला, "अहो, अकरा वाजले!"

"चला, आता अकरा एक," असे म्हणत त्याने कॅलेंडरचे पुढचे पान उलटे केले.