बंद दुकानांचे नाशिक

दुकान विकायचे असे भाईजानने ठरवले, त्या रात्री घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. पावसाळ्यापूर्वी धोकादायक वाड्यांना लागते ती नोटीस त्या वर्षी आमच्याही दारावर लागली होती. पुतणीची फार्मसीची फी भरायची होती. भाईजानचे म्हणणे खोटे नव्हते. मी एवढेच विचारले, अब्बांच्या दुकानाचा फोटो आहे का कुणाकडे?

अम्मीने कपाट उघडले. हजच्या पासपोर्टसाठी काढलेला अब्बांचा फोटो निघाला, लग्नांचे तीन अल्बम निघाले, माझ्या शाळेचा ग्रुप फोटो निघाला. ज्या दुकानावर आमचे सहा जणांचे घर चालले, त्याचा एकही फोटो नव्हता.

अब्बा जिल्दसाज. जुन्या नाशकात दूध बाजारातून आत वळणाऱ्या एका गल्लीत त्यांचे दुकान होते. शाळांची हजेरीपत्रके, वकिलांची जाडजूड पुस्तके, मदरशाचे सिपारे आणि पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या वह्या, सगळे एकाच पाटावर यायचे. यात्रेकरूंच्या पिढ्यांची नावे असलेल्या त्या लांबट वह्या शिवताना अब्बा आधी हात धुऊन येत, जसे सिपाऱ्यांसाठी येत. खळीत मोरचूद घालायचे, म्हणजे कसर लागत नाही. तो हिरवट निळा रंग त्यांच्या नखांतून कधी गेला नाही.

दुकान फळ्यांचे होते. आजच्या मुलांना हे सांगावे लागते. उंबऱ्यात आणि वरच्या तुळईत खाच असते, त्यात एकेक फळी सरकवत न्यायची. शेवटच्या फळीला कडी आणि कुलूप. प्रत्येक फळीवर आतल्या बाजूने आकडा घातलेला असतो, कारण क्रम चुकला तर शेवटची फळी बसतच नाही. शेजारच्यांच्या फळ्यांवर मराठी आकडे होते, अब्बांच्या फळ्यांवर उर्दू. लहानपणी मी उर्दू आकडे शिकले ते या अकरा फळ्यांवर. पुढे लोखंडी शटर आले आणि फळ्या बहुतेक चुलीत गेल्या. एक झटका दिला की दुकान बंद. सोय मोठी आहे, तक्रार नाही.

भाच्याकडे जुना कॅमेरा होता. तिपाई विकत घेतली आणि इशाची नमाज झाली की आम्ही दोघे बाहेर पडू लागलो. पन्नाशीची शिक्षिका आणि कॉलेजातला मुलगा. अम्मीची हरकत दोन गोष्टींना होती: रात्रीची वेळ, आणि माणसांच्या तसबिरी. मी म्हटले, अम्मी, माणसे घ्यायचीच नाहीत, दुकाने घ्यायची आहेत. "बंद दुकान में क्या देखने का?" तिने विचारले.

खरे तर दुकान दिसते ते बंद झाल्यावरच. दिवसा मेन रोडवर उभे राहून पाहा. लोंबणारे कपडे, छत्र्या, हातगाड्या, दुचाकींची रांग. इमारत कुठेच नाही. साडेदहानंतर हे सगळे आवरले की मागे दगडी ओटा दिसतो, लाकडी खांब, खांबावरची नक्षीदार हस्ते आणि वर माडीचा कठडा. खाली दुकान, वर बिऱ्हाड, मागे चौक अशी जुन्या वाड्यांची रचना. ज्या रस्त्याने मी तीस वर्षे भाजी नेली, तिथल्या एका माडीखाली लाकडात कोरलेले पोपट आहेत, हे मला गेल्या वर्षी कळले.

रात्रीच्या फोटोचे तंत्र सोपे आहे, धीर मात्र हवा. आयएसओ १००, एफ ८, आणि शटर ८ ते १५ सेकंद उघडे. बटण दाबतानाही कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावायचा. पूर्वीच्या पिवळ्या सोडियम दिव्यांखाली पाटीचे रंग नीट कळत नसत. आता पांढऱ्या एलईडीत हिरवा हिरवा दिसतो, पण लाकूड जरा आजारी दिसते. मला पिवळाच बरा वाटायचा.

पहिल्याच आठवड्यात सराफ बाजारात एका राखणदाराने हटकले. त्याचे बरोबर होते. रात्री अकराला कोणी पेढीच्या कुलपांचे फोटो घेत असेल तर विचारायलाच हवे. तेव्हापासून आम्ही दिवसा जाऊन मालकांना सांगून येतो. बहुतेक जण हो म्हणतात, आणि मग बोलत राहतात. भांडी बाजारात, सराफ बाजारात बोलणे हमखास पुरावर येते. गोदावरीच्या १९६९ च्या पुराची गोष्ट वडिलांकडून ऐकलेली, २००८, २०१६ आणि २०१९ ची स्वतः पाहिलेली. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले यावरून माल कधी वर चढवायचा ते ठरते. एका दुकानात भिंतीवर तीन रेघा आहेत, प्रत्येक पुराची एक. तो फोटो मात्र शटर वर असताना काढला.

पाट्यांची कथा वेगळी. रंगाऱ्याने ब्रशने लिहिलेली पाटी आता शोधावी लागते. फ्लेक्सने ती झाकली. काही ठिकाणी फ्लेक्स फाटला की खालून जुनी अक्षरे डोकावतात. २०२२ मध्ये दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नकोत असे ठरले आणि २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली. आमच्या मोहल्ल्यात कुणाला त्याचे काही वाटले नाही, वर मराठी, खाली उर्दू ही पाटी आमच्याकडे आधीपासूनच होती. पण त्या निमित्ताने अनेकांनी नवी पाटी केली आणि जुनी भंगारात दिली.

त्याच दुरुस्तीत दारूच्या दुकानांना थोर व्यक्तींची आणि गडकिल्ल्यांची नावे लावायला मनाई झाली. रात्री सर्वांत शेवटी विझतात ते बारचे दिवे, त्यामुळे त्यांचे फोटो घ्यायचे का हा प्रश्न आलाच. भाचा म्हणाला, उजेड सर्वांत सुंदर तिथेच आहे. खोटे कशाला बोलू, होता. 'परमिट रूम' हे शब्द १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे आले. परवाना असलेल्यानेच प्यायचे म्हणून ती खोली. आम्ही रस्त्याच्या पलीकडून दोन पाट्यांचे फोटो घेतले. तिसऱ्या ठिकाणी एक बाई दाराबाहेर कुणाची तरी वाट पाहत उभी होती, कडेवर पोर झोपलेले. मी कॅमेरा पिशवीत घातला. त्यानंतर बार घेतले नाहीत.

हे वेड नवे नाही. पॅरिसमध्ये युजेन आत्जे नावाचा माणूस, आधीचा नट, जुन्या गल्ल्या, दुकानांच्या काचा, दारूच्या गुत्त्यांच्या दारांवरची लोखंडी जाळी यांचे फोटो काढत फिरे. १९२० मध्ये त्याने २,६०० हून अधिक काचेच्या निगेटिव्ह सरकारला विकल्या. आपल्या इथलेच दादासाहेब फाळके, जन्म त्र्यंबकेश्वरचा, सिनेमाआधी गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवत. १९४४ मध्ये नाशकातच वारले. आत्जेच्या रस्त्यांवर माणसे फारशी दिसत नाहीत. शटर इतका वेळ उघडे असे की चालणारा माणूस उमटतच नसे, फार तर धुरासारखा. आमच्याही फोटोंत तेच झाले. मेन रोडवर समोरून चार जण गेले, एक सायकल गेली, फोटोत कोणी नाही. मी अम्मीला दाखवले. ती हसली आणि तिचा हट्ट जरा सैल पडला.

सगळ्या गावाची दुकाने झाली, अब्बांचे राहिले. मीच पुढे ढकलत होते. ताबा द्यायच्या आदल्या रात्री गेलो, तर भाईजान आधीच तिथे होता. आतला पाट, दाबयंत्र, चामड्याचे तुकडे नेऊन झाले होते. वरची पाटी होती, पण अब्बांच्या नावातली दोन अक्षरे उडालेली. गल्लीतला दिवा बंद होता, म्हणून भाच्याने मोबाईलचा उजेड बाजूच्या भिंतीवर टाकला. मी दहा सेकंद ठेवले.

भाईजान फळ्या लावत होता. शेवटची फळी बसेना. त्याने आठवी आणि नववी काढून अदलाबदल केली, मग बसली. "बाजूला होऊ का?" त्याने विचारले. नको, म्हटले, फक्त हलू नकोस. तो कुलपावर हात ठेवून पाठमोरा उभा राहिला.

तो फोटो अम्मीच्या खोलीत आहे. भाईजान त्यात स्पष्ट आला आहे, कारण तो हलला नाही. फळ्या नव्या मालकाने आम्हाला नेऊ दिल्या. सध्या त्या जिन्याखाली आहेत, आकड्यांच्या क्रमाने.