कोरडं

जून 2024 च्या पहिल्या आठवड्यात नोकरीची ऑर्डर खिशात घालून मी गगनबावड्याला पोहोचलो. टेम्पोतून उतरलेल्या सामानात पाण्याचे दोन बॅरल आणि वीस लिटरचे चार कॅन होते. मी आटपाडीचा. आमच्याकडं बिऱ्हाड हलवायचं म्हणजे आधी पाणी कशात साठवणार ते बघायचं, मग बाकीचं. घरमालकीण आक्का पडवीत उभ्या राहून बॅरलांकडं बराच वेळ बघत राहिल्या. "गुर्जी, पाणी साठवायला आणलासा? हितं?" असं म्हणून त्या तोंडाला पदर लावून आत गेल्या.

वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं हे गाव. आमच्याकडं सालभरात पडतो तेवढा इथं एका आठवड्यात सहज पडतो. हे मला आकड्यांत माहीत होतं. आकडा अंगावर पडला तेव्हा कळला.

तयारी मी केली नव्हती असं नाही. आपत्ती व्यवस्थापनाचं एक पत्रक मिळालं होतं. ते दोनदा वाचून, खुणा करून कोल्हापुरात खरेदी केली. चार्जिंगची बॅटरी, मेणबत्त्या, काडीपेट्यांचा पुडा, बिस्किटं, प्रथमोपचाराची पेटी. कागदपत्रांची फाईल एका चांगल्या कापडी पिशवीत घातली. गॅस संपला तर म्हणून इंडक्शनची शेगडी घेतली. लाइट गेल्यावर ती कशावर चालणार, हा प्रश्न बायकोनं विचारला, पण तो शेगडी घरी आल्यावर.

मृगाच्या चार दिवसांतच माझ्या तयारीला पाझर फुटला. काडी ओढली की गुलाची लगदी पेटीला चिकटायची. मिठाच्या पुड्याखाली तळं. बिस्किटं वाकायची, मोडायची नाहीत. कापडी पिशवीनं भिंतीची सगळी ओल पिऊन घेतली होती आणि माझ्या डीएडच्या प्रमाणपत्रावर प्राचार्यांच्या सहीशेजारी पांढरी बुरशी आली होती. पुराचा एक थेंब घरात आला नव्हता. नुसती हवा आली होती.

मग आक्कांच्या स्वयंपाकघरात मी नीट बघायला लागलो. काडीपेट्या झाकणाच्या डब्यात, तांदळात पुरलेल्या. मीठ चिनीमातीच्या बरणीत, तीही चुलीच्या उबेला. चुलीवरच्या माळ्यावर जळण आणि शेणी, धुरानं काळ्या झालेल्या. घराच्या पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून प्लॅस्टिकचा कागद ताणून बांधलेला, कारण इथला पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो. कौलं मे महिन्यातच चाळून झालेली. ओले कपडे वाळवायला निखाऱ्याच्या पाटीवर डालगं पालथं घातलेलं आणि त्यावर नातवाच्या शाळेची चड्डी. ही कामं कधी केली, असं विचारलं तर म्हणाल्या, "रोहिणी लागायच्या आत. पाऊस लागल्यावर काय करतासा? बघत बसायचं."

म्हणजे मी उशिरा आलो होतो. माझी खरेदी बरोबर असती तरी तिला उशीर झालेलाच होता.

एक गोष्ट मात्र मी पत्रकातून पाठ केली होती, आणि तिनंच माझी सगळ्यात जास्त फजिती केली. दरड कोसळण्याआधीच्या खुणा: जमिनीला भेगा पडणं, झाडं आणि खांब कलणं, दारं-खिडक्या अचानक घट्ट होणं. घरामागं डोंगराचा उतार होता. 30 जुलै 2014 ची माळीण, 22 जुलै 2021 चं तळिये, आदल्याच वर्षी 19 जुलैच्या रात्री गेलेली इर्शाळवाडी. जुलै लागल्यापासून ही नावं माझ्या डोक्यातून जात नव्हती. तरण्या पावसातल्या एका रात्री दोन वाजता लघवीला उठलो, तर मागचं दार उघडेना. खांदा लावला, तरी नाही. मी बायकोला उठवलं, पोरीला चादरीत गुंडाळलं, फाईल काखेत मारली आणि पुढच्या दारानं सगळे पावसात. आक्कांचं दार वाजवून ओरडलो, "डोंगर सुटला!"

आक्कांचे यजमान बॅटरी घेऊन आले. दाराच्या कडेवरून अंगठा फिरवला. "फुगलंय," म्हणाले. "समदी फुगत्यात. सकाळी रंधा मारूया." गावातलं एकूण एक दार आषाढात फुगतं, हे पत्रक लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं.

पण ते हसले नाहीत, हे मला आजही आठवतं. त्या पावसात ते मला मागच्या व्हळापर्यंत घेऊन गेले आणि पाण्यावर उजेड धरला. पाणी जोरात होतं, पण रोजच्यासारखंच. ते म्हणाले, दार बघू नका, ह्यो बघा. पाऊस धो धो चालू असताना व्हळ एकाएकी आटला, तर वर कुठंतरी माती आडवी आलीय आणि मागं पाणी तुंबतंय. कधी नव्हे ते झऱ्याला तांबडं, चिखलाचं पाणी आलं किंवा नवाच झरा फुटला, तरी थांबायचं नाही. आणि पळायचं ते व्हळाच्या काठानं खाली नाही, आडवं, शाळेच्या बाजूला. त्या रात्रीपासून झोपायच्या आधी व्हळाचा आवाज ऐकायची मला सवय लागली.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात म्हाताऱ्या पावसानं झोड उठवली. कोल्हापुरात पूर फुटांत मोजतात. राजाराम बंधाऱ्याला 39 फूट इशारा, 43 फूट धोका, आणि पंचगंगा 43 ओलांडून गेली होती. इथं आमच्या घराला पुराचं भय नव्हतं, आम्ही उंचावर. पण कुंभीचं पाणी मांडुकलीजवळ रस्त्यावर आलं आणि 55 किलोमीटरवरचं कोल्हापूर तुटलं. खाली कोकणात उतरणारा करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी जानेवारीपासूनच बंद. राहिला भुईबावड्याचा घाट, आणि असल्या पावसात त्याच्यात कोण उतरणार? लाइट गेली. मग मोबाइलचा टॉवर गेला. 1077 हा जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा नंबर मी दारामागं मोठ्या अक्षरांत लिहिला होता. तो वाचता यायचा, लावता यायचा नाही. खिशात वीस रुपयांची एक नोट, बाकी सगळे पैसे फोनमध्ये. दुकानदारानं वहीवर उधार लिहून घेतलं, तेही आक्कांच्या नावावर.

बायकोच्या थायरॉईडच्या गोळ्या तिसऱ्या दिवशी संपल्या. जूनमध्येच आक्कांनी विचारलं होतं, औषधं किती दिवसांची हायत? महिन्याची, असं मी ऐटीत सांगितलं होतं. महिना संपतो कधी, ते काही मोजलं नव्हतं. आक्कांच्या घरात त्या दिवसांत एक माणूस कमी होतं. त्यांची सून नवव्या महिन्याची. तिला त्यांनी मृगातच कोल्हापूरला नणंदेकडं पाठवून दिलं होतं. मला तेव्हा वाटलं होतं, सासू-सुनेचं काही बिनसलं असेल.

नळ बंद पडल्यावर आक्कांनी पागोळीखाली घासलेली पातेली मांडली. पहिल्या सरींचं पाणी ओतून दिलं, पुढचं गाळून उकळलं. माझ्या बॅरलांतलं पाणी अंघोळीला आणि भांड्यांना गेलं. ते रिकामं झालं तेव्हा मीही पागोळीखाली बादली धरली. पन्हळीतून वाया जाणारं पाणी बघून अजून पोटात कालवतं, त्याला इलाज नाही.

रेंज आल्यावर पहिला फोन आईचा. "एक टँकर तरी पाठव की रं हिकडं," म्हणाली. मी तिला काडीपेटीची, मिठाची, ओल्या जळणाची सगळी कहाणी सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही.

ऑगस्टमध्ये गावाकडचा एकजण गाडी घेऊन आला. त्याच्याबरोबर आईनं खताच्या प्लॅस्टिकच्या पोत्यात, तोंड दोनदा बांधून, गेल्या साली वाळवलेल्या तुराट्या पाठवल्या होत्या. आक्कांनी पडवीत पोतं सोडलं, एक तुराटी उचलली, नाकाला लावली आणि गुडघ्यावर मोडली. कट्ट. आक्कांनी दुसरी उचलली आणि तीही मोडली, नुसती ऐकायला.