आमच्या मुलीचा कफील कोण होणार?

कोकणातल्या मुस्लिम घरांना परदेश नवीन नाही. आमच्या गावात ज्या घरच्या कपाटात एखादा जुना पासपोर्ट नाही, असे घर शोधावे लागेल. पणजोबांच्या पिढीतले लोक मुंबईच्या गोदीतून जहाजावर खलाशी म्हणून गेले. पुढच्या पिढीने कुवेत, बहरीन, दुबई, सौदी गाठले. खाडीकाठची पक्की घरे, मशिदीचा वरचा मजला, बहिणींची लग्ने, मुलांची शिक्षणे, सगळे त्याच पैशातून झाले. 'मुलगा बाहेर असतो' एवढे सांगितले की आमच्याकडे पुढचे फारसे कुणी विचारत नाही. पण 'मुलगी बाहेर जायचे म्हणते' असे सांगितले की मात्र खूप विचारतात.

आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवण्यात आमचे आयुष्य गेले. आमच्या थोरल्या मुलीने बीएस्सी नर्सिंग केले आणि मुंबईच्या एका रुग्णालयात लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात ती काम करू लागली. रात्रपाळीला एकटीने चार-चार बाळांकडे पाहायचे. ब्रिटनमध्ये अतिदक्षतेतल्या नवजात बाळामागे एक नर्स असावी असा दंडक आहे, हे तिला तिच्या एका सीनियरकडून कळले. तेव्हापासून तिने ठरवले, की असे काम जिथे शिकता येते तिथे जायचे. पैसा नको असे ती म्हणत नव्हती. पण 'अम्मी, एकदा तरी एकाच बाळाकडे नीट लक्ष देऊन बघायचंय', हे ती ज्या तऱ्हेने म्हणाली, त्यानंतर आम्ही तिला अडवले नाही.

परदेशात नोकरी म्हटली की शिक्षण आणि अनुभव पुरत नाहीत. तिथल्या मालकाने तुमची हमी घ्यावी लागते. इंग्रजीत याला स्पॉन्सर म्हणतात, आखातात कफील. हा शब्द आम्ही वर्गात शिकवतो. कफील म्हणजे जबाबदारी घेणारा, सांभाळणारा. कुरआनमध्ये हजरत मरियम यांचा सांभाळ हजरत जकरिया यांच्याकडे सोपवला गेला, तिथे याच धातूचा शब्द आला आहे. अनाथाचा सांभाळ करणाऱ्यालाही हदीसमध्ये कफीलच म्हटले आहे. इतका सुंदर शब्द. पण आमच्या गावात तो उच्चारला की जुन्या माणसांच्या कपाळाला आठ्या पडतात.

कारण त्यांनी तो वेगळ्या अर्थाने भोगला आहे. मुलीचे दादा कुवेतमध्ये मेकॅनिक होते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत ताब्यात घेतले, तेव्हा त्यांचा पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत होता आणि मालक देश सोडून गेला होता. भारत सरकारने जॉर्डनमधल्या अम्मान शहरातून एअर इंडियाच्या विमानांनी दीड लाखाहून जास्त भारतीयांना परत आणले. त्यात दादा होते, एका पिशवीनिशी. पुढे मुलीचे चाचा दम्मामला गेले. त्यांच्या कफीलने दोन वर्षे पासपोर्ट दिला नाही. दादांचा इंतकाल झाला तेव्हा चाचांना जनाजाला येता आले नाही. या गोष्टीला पंचवीस वर्षे झाली, तरी चाचा ती स्वतःहून कधी काढत नाहीत.

आता तिथले कायदे बरेच बदलले आहेत, हेही सांगायला हवे. कतारने २०२० मध्ये मालकाच्या ना-हरकतीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा दिली. सौदी अरबने मार्च २०२१ पासून तसे बदल केले, पण घरकामगार आणि घरगुती वाहनचालकांना त्यातून वगळले. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२२ मध्ये लागू झालेल्या कायद्यात कामगाराचे कागदपत्र जप्त करायला आणि भरतीचा खर्च त्याच्याकडून घ्यायला मनाई आहे. तरीही 'आझाद व्हिसा' नावाचा धंदा आमच्याकडे प्रत्येक जण ओळखतो. कफील फक्त नाव विकतो, काम दुसरीकडे शोधायचे, आणि पकडले गेले तर आपण बेकायदा.

मुलीला वाटत होते, ब्रिटनमध्ये हे काही नाही. आम्ही मिळून माहिती काढायला बसलो, तेव्हा दिसले की तिथेही हमीदार लागतोच. मालकाकडे सरकारचा परवाना हवा. मग तो एका ठरावीक माणसासाठी, ठरावीक कामासाठी प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र देतो. त्यावरच व्हिसा मिळतो. मालकाचा परवाना रद्द झाला किंवा नोकरी गेली, तर नवा मालक शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. नाही सापडला तर परत यायचे. पासपोर्ट तुमच्याच खिशात असतो, हा फरक मोठा आहे. पण देशात राहण्याचा हक्क नोकरीला बांधलेला, ही गोष्ट तीच.

तिने तयारी मनापासून केली. ब्रिटनच्या नर्सिंग मंडळाला आयईएलटीएसमध्ये वाचन, ऐकणे आणि बोलणे यांत ७ आणि लेखनात ६.५ गुण लागतात. पहिल्यांदा लेखनात अर्ध्या गुणाने गेले, दुसऱ्यांदा मिळाले. मग संगणकावरची परीक्षा, जी भारतातच देता येते. शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा ब्रिटनमध्ये जाऊनच द्यावी लागते, आणि जायला आधी नोकरी हवी. प्रत्येक अर्जात एक प्रश्न असे : तुम्हाला आता किंवा पुढे प्रायोजकत्व लागेल काय? ती 'होय' लिहायची, आणि बहुतेक ठिकाणांहून उत्तरच यायचे नाही. २०२४ च्या पावसाळ्यात एका सरकारी रुग्णालयाने व्हिडिओवर मुलाखत घेतली. पाऊण तास बोलले, हसून निरोप घेतला. तीन आठवड्यांनी पत्र आले, की यंदा परदेशातून भरती थांबवली आहे. तिकडे पैशाची ओढाताण होती आणि देशातल्याच नव्या नर्सना आधी जागा द्यायच्या होत्या. आमच्या मुलीत काही कमी नव्हते. पण सव्वीस वर्षांच्या मुलीला हे समजावणे सोपे नसते.

अशा वेळी एजंट बरोबर सापडतो. तालुक्याच्या ठिकाणी ऑफिस, भिंतीवर लंडनचे चित्र. तो म्हणाला, 'नर्सच्या जागा बंद आहेत, पण वृद्धांची काळजी घेणाऱ्या केअररच्या जागा चालू आहेत. प्रमाणपत्र माझ्याकडे तयार आहे. चौदा लाख. तिथे पोहोचली की नर्स व्हायला किती वेळ लागतो?'

घरात बैठक बसली. चाचा म्हणाले, 'पैसे सगळेच देतात. मी दम्मामला जाताना व्हिसा विकत घेतला होता. दोन वर्षे वाईट गेली, पण त्यानंतर हे घर उभं राहिलं की नाही? पाच लाख मी देतो. पोरीची वर्षं चाललीत.' दादींनी काही न बोलता बांगड्या काढून पलंगावर ठेवल्या. आयईएलटीएसचा निकाल दोनच वर्षे चालतो, ही टांगती तलवार होतीच. शिवाय दोन ठिकाणांहून रिश्ते आले होते आणि दोन्हीकडून एकच प्रश्न होता, मुलगी जाणार की राहणार?

आम्ही शिक्षक माणसे. चौदा लाख म्हणजे काय हे आम्हाला माहीत आहे. धाकट्याचे शिक्षण त्यात गेले असते. पण पैशाहून मोठा प्रश्न होता, की एवढा कर्जाचा बोजा घेऊन गेलेली मुलगी तिथल्या मालकाला 'नाही' कधी म्हणू शकेल? चाचांना दोन वर्षे का सोसावे लागले? पासपोर्ट तिजोरीत होता हे एक कारण. व्हिसासाठी काढलेले कर्ज फिटले नव्हते, हे दुसरे.

निर्णय मुलीनेच घेतला, तो आकडे मांडून. त्या वेळी प्रायोजकत्वाच्या प्रमाणपत्राची सरकारी फी २३९ पौंड होती, म्हणजे साधारण २५ हजार रुपये, आणि ती मालकाने भरायची असते. ३१ डिसेंबर २०२४ पासून तर ही फी कामगाराकडून वसूल करायलाच मनाई झाली. आरोग्यसेवेच्या व्हिसाची तीन वर्षांपर्यंतची फी तेव्हा २८४ पौंड होती. बाकी विमान आणि परीक्षा. 'मग चौदा लाख कशाचे, चाचा?' तिने विचारले. चाचांकडे उत्तर नव्हते. परवानाधारक मालकांची यादी ब्रिटनचे सरकार सर्वांसाठी खुली ठेवते. एजंटने सांगितलेली कंपनी त्या यादीत होती. चाचा म्हणाले, बघ, खरी आहे. पण परवाना असणे आणि काम असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिथे पोहोचल्यावर आठवड्याला चार तासही काम न मिळालेल्या, मग कंपनीचा परवाना गेल्याने अडकलेल्या केअरर लोकांच्या बातम्या तेव्हा येतच होत्या. मुलीने एजंटला विचारले : कामाचे ठिकाण कोणते, आठवड्याचे तास किती, पगार किती, हे कंपनीच्या कागदावर लेखी द्या. आणि चौदा लाखांची पावती द्या. तो म्हणाला, 'विश्वास नसेल तर राहू द्या.' तिने राहू दिले.

दादींच्या बांगड्या परत त्यांच्या हातात गेल्या. चाचा काही दिवस अबोल होते. त्यांना वाटले, आपण देऊ केलेले पैसे नाकारले म्हणजे आपलाही मान गेला. तसे मुळीच नव्हते, हे मुलीनेच त्यांना जाऊन सांगितले. २२ जुलै २०२५ पासून ब्रिटनने परदेशातून नव्या केअररना व्हिसा देणे बंद केले. ती बातमी चाचांनीच तिला फोनवर पाठवली. सोबत काही लिहिले नव्हते.

ज्या घरांत सध्या असा विचार चालू आहे, त्यांच्यासाठी आम्हाला कळलेले थोडे सांगतो. आखातात पाठवणाऱ्या एजंटकडे भारत सरकारची नोंदणी हवी. ती ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर तपासता येते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालील नियमांनुसार त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, आणि त्याची पावती द्यावी लागते. दहावी नापास मुलाच्या पासपोर्टवर परदेशी कामासाठी मंजुरीची अट असते. तो टुरिस्ट व्हिसावर कामाला पाठवला, तर अडचणीत त्याच्या बाजूने कागदच उरत नाही. नर्सेसची फसवणूक उघड झाल्यावर २०१५ पासून, आखातातल्या देशांसह १८ देशांत जाणाऱ्या नर्सना ही मंजुरी सक्तीची झाली, पासपोर्ट कोणताही असो. करार समजेल त्या भाषेत वाचून घ्या. इंग्रजी येत नसेल तर गावातल्या शिक्षकाकडे न्या. आम्ही कित्येकांचे वाचून दिले आहेत. आणि पासपोर्ट, करार, डिग्री यांची एकेक प्रत घरी अम्मीकडे ठेवा.

एक गोष्ट मुलींच्या आई-वडिलांसाठी. मुलगी एकटी परदेशात कशी राहील, हा प्रश्न आम्हालाही पडला होता आणि तो पडणे चुकीचे नाही. पण मुलगा गेला तेव्हाही हाच प्रश्न विचारायला हवा होता. तो कुठे झोपतो, एका खोलीत किती जण राहतात, पगार वेळेवर मिळतो का, हे आमच्या गावाने मुलांच्या बाबतीत कधी विचारले नाही. मुलीमुळे विचारू लागलो, हे बरे झाले. कफील म्हणजे सांभाळणारा, हा अर्थ खरा धरला तर प्रत्येक मालकाला, मग तो दम्मामचा असो की लंडनचा, आपण तोच सवाल करायला हवा : तू आमच्या मुलाला, आमच्या मुलीला सांभाळणार आहेस का?

आमची मुलगी अजून मुंबईतच आहे. आयईएलटीएस तिने पुन्हा दिले आणि या वेळी लेखनात सात मिळाले. दोन रुग्णालयांकडे अर्ज पडून आहेत. रविवारी ती जर्मन भाषेच्या वर्गाला जाते, कारण तिकडे नर्सची गरज आहे आणि केरळच्या सरकारी संस्थेमार्फत गेलेल्या मुलींनी भरतीसाठी एक पैसाही दिला नाही, हे तिने त्यांच्याकडूनच ऐकले आहे. तिच्या विभागात नव्याने आलेल्या मुलींना ती शिकवते. रिश्त्याचे एक घर मागे फिरले, दुसऱ्या घराने 'ती ठरवेल तोवर थांबू' असा निरोप दिला आहे. ती जाईल की नाही, हे आम्हाला माहीत नाही. जाईल तेव्हा कर्ज डोक्यावर न घेता, करार हातात घेऊन जावी, एवढीच आमची दुआ आहे. आपणही तिच्यासाठी दुआ करावी.