किडे पाहावयास कोण येतो?

कोणतेंही काम चारचौघांना बरोबर घेऊन करावयाचें असेल तर कितीजण येतील हें आधीं विचारून पाहावें, असें वडीलधारी माणसें सांगतात. परंतु हें विचारून पाहणें वाटतें तितकें सोपें नसतें, याचा अनुभव मला गेल्या दिवाळीच्या सुटींत आला. तोच येथें जसाच्या तसा सांगण्याचें योजिलें आहे.

आमचें नामपूर गांव बागलाण तालुक्यांत मोसम नदीच्या कांठीं वसलेलें आहे. साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांकडून ही नदी येते आणि आमच्या शिवाराला पाणी देत पुढें मालेगांवाकडे जाते. कांदा आणि डाळिंब हीं आमच्या भागाचीं दोन दैवतें. बाजाराच्या आवारांत कांद्यानें भरलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या म्हणजे "आज काय भाव निघाला?" ह्याखेरीज दुसरा प्रश्न कोणाच्या तोंडीं नसतो. अशा गांवांत मी किड्यांचीं छायाचित्रें काढण्याचा छंद घेऊन गेलों, हेंच मुळीं धाडसाचें होतें.

हा छंद मला माझ्या मामांनीं लावला. सुटी लागतांच त्यांनीं आपला जुना कॅमेरा व त्याचें मॅक्रो भिंग माझ्या स्वाधीन केलें. मॅक्रो छायाचित्रण म्हणजे अति जवळून घेतलेलें चित्र. वस्तु जेवढी असेल तेवढीच तिची प्रतिमा कॅमेऱ्याच्या आंतील प्रकाशग्राही पट्टीवर उमटली म्हणजे त्यास एकास एक प्रमाण म्हणतात. एक सेंटीमीटर लांबीचा मुंगळा त्या पट्टीवरही एक सेंटीमीटरच उमटतो. मग तें चित्र पडद्यावर मोठें करून पाहिलें कीं त्याच्या अंगावरचे केंससुद्धां दिसूं लागतात. मात्र त्याची किंमत द्यावी लागते. इतक्या जवळून पाहतांना स्पष्ट दिसणारा थर एखाद्या मिलिमीटराएवढाच असतो. डोळा स्पष्ट आला तर पाय धूसर होतात. वाऱ्याची झुळूक आली कीं किडा चौकटीबाहेर जातो आणि आपण श्वास घेतला तरी चित्र हलतें. पहिल्या चार दिवसांत मीं दोनशेंहून अधिक चित्रें काढलीं. त्यांतील पांच बरीं होतीं. पुढें उमगलें कीं पहांटेच्या गारठ्यांत किडे स्वस्थ बसलेले असतात, तीच वेळ उत्तम. आणि फ्लॅशपुढें पातळ पांढरा कागद धरला म्हणजे उजेड मऊ पडतो.

एवढा आनंद एकट्यानें भोगणें मला बरें वाटेना. २०१२ सालापासून दर वर्षीं जुलै महिन्यांत राष्ट्रीय पतंग सप्ताह पाळला जातो. पतंग म्हणजे रात्रीं दिव्यावर येणारीं पाखरें. ह्या सप्ताहाची सुरुवात अमेरिकेंत झाली. पण आतां आपल्या देशांतही ठिकठिकाणीं हौशी मंडळी जमून पांढरी चादर टांगतात, तिच्यापाशीं दिवा लावतात आणि येतील त्या पतंगांचीं चित्रें घेतात. महाराष्ट्रानें तर २०१५ सालीं ब्लू मॉरमॉन ह्या फुलपाखरास राज्य फुलपाखराचा मान दिला, व असा मान देणारें तें देशांतील पहिलें राज्य ठरलें. मग नामपुरांत एखाद्या सकाळीं मोसमकांठीं हौशी लोकांचा मॅक्रो छायाचित्रणाचा मेळावा कां भरूं नये? मीं एक वही घेतली, रेघा आंखल्या, वर 'येणारांचीं नांवें' असें ठळक लिहिलें आणि गांवांत निघालों.

फोटो स्टुडिओच्या मालकांनीं माझें सर्व बोलणें शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाले, "बाळ, लग्नसराई तोंडावर आली आहे. किडे कांहीं पैसे देत नाहींत." एका मित्रानें विचारलें, "बक्षीस काय ठेवलें आहेस?" आमच्या ओळखीचे आडतदार काका म्हणाले, "सकाळचा लिलाव सोडून नदीवर कोण येणार रे?" शेजारच्या काकूंनीं चहा दिला आणि अभ्यास कसा चालला आहे एवढेंच विचारलें. दोन दिवसांत वहींत तीन नांवें आलीं. त्यांतील एक माझ्या चुलतभावाचें होतें, आणि तें त्यानें केवळ भिडेस्तव लिहूं दिलें होतें.

तिसऱ्या रात्रीं जेवतांना मीं नानांना विचारलें. नाना म्हणजे माझे वडील. कांहीं वर्षांपूर्वीं आमची दोन एकरांची डाळिंबाची बाग तेल्या रोगानें गेली. हा रोग जिवाणूंमुळें होतो. पानांवर व फळांवर तेलकट डाग पडतात, फळें तडकतात, आणि पावसाच्या थेंबांबरोबर तो एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. नानांनीं बाग उपटली व तेथें कांदा लावला. बांधालगतचीं दहाबारा झाडें तेवढीं राखलीं. उपटलेलीं झाडें जळत असतां ते शेवटपर्यंत शेतांत उभे होते आणि त्या रात्रीं जेवले नाहींत, हें मला स्मरतें. माझा प्रश्न ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "रोगानें बाग खाल्ली, किडा कांदा खातो आहे. आणि आपण त्याचे फोटो काढून भिंतीवर लावायचे होय?"

मीं मान खालीं घातली. त्यांचें बोलणें कठोर होतें, पण अन्यायाचें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं पहांटे नाना फवारणीच्या तयारीनें शेताकडे निघाले. मीही कॅमेरा घेऊन मागोमाग गेलों. कांद्याच्या पातीवर चंदेरी पांढरे ओरखडे पडले होते. हें काम फुलकिड्यांचें, हें आमच्याकडे लहान मूलही सांगेल. परंतु हा किडा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा; नुसत्या डोळ्यांस तो एखाद्या पिंवळसर रेघेहून अधिक दिसत नाहीं. नाना पंपांत पाणी भरीत होते तोंपर्यंत मीं एका रोपाची पात बुडाशीं अलगद फांकविली. जेथें पानास पान चिकटलेलें असतें त्या सांदींत दहापंधरा किडे दडून बसले होते. गुडघे टेकून, श्वास रोखून मीं चित्रें घेऊं लागलों. नववें चित्र स्पष्ट आलें. तें मोठें करून मीं नानांपुढें धरलें. निमुळतें अंग, पाठीवर मिटलेले अरुंद पंख, आणि त्या पंखांच्या कडेस लांब केंसांची झालर, जणूं पिसेंच!

"हाई काय शे?" नानांनीं आमच्या अहिराणींत विचारलें. म्हणजे, हें काय आहे?

"हाच तो, नाना," मीं म्हटलें.

त्यांनीं चष्मा पुसला आणि पुन्हां पाहिलें. बऱ्याच वेळानें ते म्हणाले, "तीस वर्षें याच्याशीं भांडतों आहें. तोंड आज पाहिलें." मग स्वतः खालीं वांकून त्यांनीं दुसऱ्या रोपाची पात फांकविली, तिसऱ्याची फांकविली. "म्हणजे आपण वरून फवारतों, आणि हा खालीं आंत बसलेला असतो." त्या दिवशीं फवारणी झाली; पण पंपाचें तोंड पातीच्या बुडाकडे वळवून.

मला विज्ञानाच्या गुरुजींनीं सांगितलेली एक गोष्ट आठवली. हॉलंडांतील डेल्फ्ट शहरीं लेव्हेनहूक नांवाचा कापडाचा व्यापारी होता. त्या काळीं कापडाचे धागे पारखण्यास व्यापारी भिंग वापरीत. ह्या गृहस्थानें स्वतः घांसलेल्या भिंगांतून पाण्याच्या थेंबांतील जीव पाहिले व १६७६ सालीं तें वर्तमान लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्रानें कळविलें. धागा पारखणारा डोळाच पुढें एक नवी सृष्टि पाहूं शकला. मग कांदा पारखणाऱ्या डोळ्यांस जिज्ञासा नाहीं, असें मीं कशावरून ठरविलें? मीं लोकांना माझ्या छंदाविषयीं विचारीत होतों. त्यांच्या शेताविषयीं मीं विचारलेंच नव्हतें.

त्या दिवसापासून मीं प्रश्न बदलला. "मॅक्रो छायाचित्रणाच्या मेळाव्यास याल काय?" असें न म्हणतां मी म्हणूं लागलों, "तुमच्या शेतांतला किडा जवळून पाहावयाचा आहे काय?" आडतदार काकांनीं काळ्या बुरशीचा एक कांदा आणून पुढें ठेवला. काकूंनीं अंगणांतील तुळशीचीं डागाळलेलीं पानें दाखविलीं. स्टुडिओच्या मालकांनीं तर कपाटांतून एक जुनें भिंग काढलें. साधें भिंग कॅमेऱ्यावर उलटें बसविलें तरी तें मॅक्रोचें काम देतें, हें मला त्यांनींच शिकविलें! नांवें आतां एकामागून एक वहींत येऊं लागलीं.

सुटी संपण्याच्या आदल्या दिवशीं नानांनीं बांधावरचें एक डाळिंब तोडून आणलें. त्याला बारीक भोंक होतें. आंत फळ पोखरणारी अळी होती. हीच अळी पुढें एक देखणें फुलपाखरूं होते. नराच्या पंखांवर जांभळट निळी झांक असते आणि मागल्या पंखांस बारीक शेपटी असते. तें मीं बागेंत पुष्कळदां उडतांना पाहिलें होतें. परंतु तें आणि ही अळी एकच, हें मामांनीं सांगितलें तेव्हां कळलें. मीं तें नानांना सांगितलें. ते म्हणाले, "दिसायला चांगलें म्हणून सोडायचें नसतें. पण आधीं फोटो काढ." चित्र घेऊन झाल्यावर त्यांनीं तें फळ खड्ड्यांत पुरलें. मग हात धुतले, माझी वही मागून घेतली आणि स्वतःच्या हातानें आपलें नांव लिहिलें. तें सतरावें होतें.

मेळावा येत्या दिवाळीच्या सुटींत एका सकाळीं मोसमकांठीं भरवावा असा विचार आहे. वाचक मित्रांनो, आपल्यापैकीं कोणी येणार असेल तर त्यानें मोठा कॅमेरा नाहीं म्हणून संकोच करूं नये. मोबाईल, एक लहानसें भिंग आणि पांढरा कागद एवढें पुरे. चित्रासाठीं किडा मारावयाचा नाहीं, फूल तोडावयाचें नाहीं, व नुकतीच फवारणी झालेल्या शेतांत शिरावयाचें नाहीं, हे तीन नियम मात्र पाळावे लागतील. आणि पालकांस माझी नम्र विनंती अशी कीं त्यांनीं मुलांना नुसतें पाठवूं नये, स्वतःही यावें. कोणत्या पिकावर काय केव्हां पडतें, हें आम्हां मुलांपेक्षां त्यांनाच अधिक ठाऊक असतें.

वहींतील अठरावी ओळ मोकळी आहे.