नऊ पावलं, मग खांब

‘घर रिनोव्हेट करताय? मग दोन महिने दुसरीकडे शिफ्ट व्हा!’ हा सल्ला मी स्वतः निदान तीनदा छापून आणलाय. फ्रीलान्स जर्नालिस्टला होम डेकोरवर लिहावंच लागतं, त्यातून घरभाडं सुटतं. पण 2024च्या फेब्रुवारीत बाबांचा फोन आला, ‘मागचं घर पाडायला घेतोय, तू येतेस का?’ आणि माझ्या सगळ्या टिप्सची हवा निघाली.

आमचं घर सौंदडचं. गोंदिया जिल्हा, सडक अर्जुनी तालुका. पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसायचं आणि सबंध महाराष्ट्र आडवा कापत पार शेवटच्या स्टेशनावर, गोंदियाला उतरायचं. तिथून पुढे बस. ऑफिसात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘म्हणजे नागपूरच ना?’ नाही हो, नागपूरच्याही पुढे!

घर मातीचं, दीड फूट जाड भिंती, सागाचे खांब, वर कवेलू. उन्हाळ्यात थंडगार. पण कवेलू दरवर्षी पावसाआधी फेरावे लागतात, आणि ते नीट फेरणारी माणसं आता गावात मोजकीच उरलीत. त्यात नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल जवळ, त्यामुळे माकडांची टोळी आली की शंभरेक कवेलूंचा चुरा. बाबांनी ठरवलं, मागच्या अर्ध्या घरावर स्लॅब. पुढचा भाग तसाच राहील.

‘दोन महिने भाड्याची खोली घेऊ,’ मी म्हटलं.

‘आजीचं काय?’ बाबा म्हणाले. ‘तिले नवीन जागा जमते का?’

काचबिंदूनं आजीची नजर जवळजवळ गेलीय. उजेड-अंधार तेवढा कळतो. पण घरात ती कुणाचा हात धरत नाही. चहाचा कप स्वतः मोरीत नेऊन ठेवते. म्हणून ठरलं, राहायचं इथेच. मागचं पाडायचं, पुढच्या दोन खोल्यांत पाच माणसं, एक फ्रिज, धानाची कोठी, देवघर आणि माझा लॅपटॉप!

प्लॅन मी काढला. किचन प्लॅटफॉर्म, अटॅच्ड बाथरूम, चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स, सगळं फ्लोअरिंग एका लेव्हलला. उंबरे आउट. आजीची खोली बाथरूमला लागूनच ठेवली होती, तेव्हा मी स्वतःवर जाम खूश होते.

पहिल्याच महिन्यात कळलं की शहरातलं कॅलेंडर इथे चालत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मजूर भल्या पहाटे मोहफुलं वेचायला जातात, मग दहा वाजता कामावर. मे महिन्यात तेंदूपत्ता. मिस्त्रीकाकांनी स्लॅबची तारीख दिली 19 एप्रिल, आणि नंतर लक्षात आलं की त्याच दिवशी भंडारा-गोंदियात लोकसभेचं मतदान! स्लॅब तीन दिवस पुढे. बाबा शांत होते. मी मात्र ‘डेडलाइन, डेडलाइन’ करत फिरत होते.

मग ती रात्र आली. एप्रिलचा पहिला आठवडा. दुपारी मधली भिंत पाडली होती आणि तिच्या टोकाचा सागाचा खांब काढून अंगणात टाकला होता. रात्री एक वाजेपर्यंत मी कॉपी लिहीत बसले. विषय? ‘छोट्या घराचा मेकओव्हर : दहा सोप्या टिप्स.’ मेल पाठवला, कानात हेडफोन तसेच, आणि झोपले.

साडेचारला जाग आली तर आजीची खाट रिकामी.

टॉर्च घेऊन धावले. आजी पाडलेल्या भागात, रेतीच्या ढिगावर बसलेली. लुगडं पायाभोवती घट्ट गुंडाळलेलं. तळव्याला कापलं होतं, रक्त वाळून गेलं होतं. शेजारी दोन हातांवर सेंट्रिंगच्या फळ्या, खिळे वर करून पडलेल्या.

‘आजी, हाक का नाही मारलीस?’

‘तुमी दिवसभर थकता,’ ती म्हणाली. मग जरा वेळानं, हळूच, ‘पोरी, खांब कुठं गेला वो? माहं घर मले सापडून नाही राहिलं.’

तिचा हिशेब मला तेव्हा पहिल्यांदा कळला. खाटेवरून उठायचं, डावा हात भिंतीला, नऊ पावलं. मग खांब. खांबाला हात लावून उजवीकडे वळायचं, चार पावलं, उंबरा, मोरी. खांबाच्या त्या जागेला इतक्या वर्षांच्या हातानं गुळगुळीत चकाकी आली होती. ती मी लहानपणापासून पाहत होते. ती कशानं आली, हे कधी विचारलं नव्हतं.

माझ्या प्लॅनमध्ये आजीची खोली होती. आजीची वाट नव्हती. आणि खांब काढला, हे तिला आमच्यापैकी कुणी सांगितलंच नव्हतं. पाच माणसांच्या घरात!

सकाळी आई आजीच्या पायाला पट्टी बांधत होती, तेव्हा मी डोळे मिटून खाटेपासून निघाले. तिसऱ्या पावलाला फ्रिजवर आदळले.

मिस्त्रीकाका आले, सगळं ऐकलं आणि अंगणातल्या खांबाला हातोडी मारून पाहिली. ‘ताई, हा फेकू नोका. सागाचा आहे. स्लॅबले त्याची गरज नाही, पण आजीले आहे ना!’ त्यांनी सुतळी धरून जुन्या जागेचं माप घेतलं आणि भिंतीवर कोळशानं खूण केली. त्या दिवसापासून घराचा नियम झाला. संध्याकाळी काम थांबलं की मिस्त्री जायच्या आधी आजीला हात धरून सगळीकडे फिरवायचं. काय पाडलं, काय बांधलं, खड्डा कुठे, फळ्या कुठे. खाटेपासून तात्पुरत्या मोरीपर्यंत कमरेच्या उंचीवर दोरी बांधली. आजी रोज ओरडायची, ‘मी काय बकरी आहो का?’ आणि रोज ती दोरी धरून जायची.

प्लॅन बदलला. चकचकीत टाइल्सच्या जागी खरखरीत, पाय न घसरणाऱ्या. महाग पडल्या, त्यामुळे माझ्या नव्या लॅपटॉपचे पैसे त्यात गेले. उंबऱ्यावरून मात्र माझं आणि आजीचं वाजलं. वयस्कर माणसं असतील तर उंबरे काढा, हे कुठलंही डेकोर मॅगझिन सांगेल. चुकीचंही नाही ते. पण आजी म्हणाली, ‘उंबरा पायाले लागला म्हणजे मले समजते, मोरी आली.’ तिच्यासाठी तो अडथळा नव्हता, पाटी होती. उंबरा राहिला.

स्लॅब पडला. दुसऱ्या दिवशी वर सिमेंट-रेतीचे छोटे बांध घालून पाणी भरलं. सिमेंट सुकून नाही, पाण्यासोबतच्या रासायनिक क्रियेनं घट्ट होतं. त्यामुळे निदान आठ-दहा दिवस ते ओलं ठेवावं लागतं, उन्हाळ्यात तर जास्तच. बाबांनी वर जाऊन पाहिलं आणि हसले. धानाच्या बांध्या डिट्टो छतावर!

जूनमध्ये पाऊस आला तेव्हा मी तिथेच होते. नव्या किचनमध्ये काही ऐकूच येईना, स्लॅबवर पाऊस मुका असतो. आजी पुढच्या खोलीत, कवेलूंखाली बसली होती. तिला पाऊस आमच्या आधी कळला होता.

त्या रात्री ती उठली, तेव्हा मी जागीच होते. हाक मारली नाही, नुसती बघत राहिले. डावा हात भिंतीला, नऊ पावलं. खांब. हात क्षणभर चकाकीवर थांबला. मग उजवीकडे चार पावलं... आणि ती थबकली. उंबरा नव्हता. माझ्या छातीत धस्स झालं. दीड फुटाची मातीची भिंत जाऊन तिथे नऊ इंचांची विटांची आली होती, आणि तेवढी जागा वाढली होती. हे मी तिला सांगायचं विसरले होते. परत!

आजीनं पाय जरासा पुढे सरकवला. उंबरा लागला.

‘पाच,’ ती स्वतःशीच म्हणाली, आणि आत गेली.