धडा उसाच्या फडापर्यंत गेला पाहिजे



जिल्हा परिषदेच्या शाळेचा विषय निघाला की आपल्याकडं एक वाक्य ठरलेलं असतं, 'मास्तर काय, दिवसभर मोबाईलच बघत बसतात.' आज त्या मोबाईलबद्दलच लिहायचंय. कारण काही शिक्षक त्यावर जे काम करताहेत, त्याची गरज आपल्या बीड जिल्ह्याला सगळ्यात जास्त आहे.

रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव सगळ्यांनी ऐकलंय. आपल्या मांजरसुंब्याच्या चौकातून धुळे-सोलापूर महामार्गानं खाली निघालं की धाराशिव ओलांडून सोलापूर जिल्हा लागतो. तिथल्या माढा तालुक्यात परितेवाडी नावाचं छोटं गाव आहे. त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. कोडवर मोबाईल धरला की कविता ऐकू येणार, धड्याचा व्हिडिओ दिसणार, स्वाध्याय उघडणार. पुढं बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले आणि राज्यभरातल्या लेकरांच्या हातात पोचले. ३ डिसेंबर २०२० ला गुरुजींना १० लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार जाहीर झाला, म्हणजे साधारण ७ कोटी रुपये. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या ९ शिक्षकांना वाटून टाकली.

पुरस्काराची बातमी आपण सगळ्यांनी स्टेटसला ठेवली. पण मला त्यातली वाटून टाकण्याची गोष्ट मोठी वाटते. एका वर्गात जमलेली युक्ती स्वतःपुरती न ठेवता सगळ्यांसाठी खुली करायची, ही खरी मास्तरकी.

आणि ही परंपरा जुनी आहे. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी रोज हातानं लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे. ना छापखाना, ना पैसा. आज एखादे सर ब्लॉगवर सराव प्रश्नपत्रिका टाकतात, एखाद्या मॅडम पाढ्यांचा व्हिडिओ घरी रात्री बसून तयार करतात, कुणी गुगल फॉर्मवर चाचणी बनवून पाच-पन्नास शाळांच्या ग्रुपवर पाठवतं. मोबाईल स्वतःचा, रिचार्ज स्वतःचा, वेळ घरच्यांचा. आपण मात्र ते फॉरवर्ड करताना खालचं नाव कापून टाकतो.

आता आपल्या जिल्ह्याचं बघा. दसरा-दिवाळी आली की मुकादमाचे फोन सुरू होतात. टोळ्या भरतात, आपल्या चौकातून ट्रक-ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकाकडं निघतात. आई-बापाबरोबर लेकरं पण जातात. परत येईस्तोवर मार्च-एप्रिल उजाडतो. शाळेचं अर्धं वर्ष उसाच्या फडात गेलेलं असतं. आलेलं लेकरू वर्गात बसतं, पण भागाकार कधी शिकवून झाला ते त्याला कळत नाही. दोन वर्षं असंच झालं की ते शाळेत यायचंच बंद होतं आणि काही वर्षांनी त्याच्याच हातात कोयता येतो.

यावर हंगामी वसतिगृह आहे, म्हणजे लेकरू गावातच राहील, शाळा चुकणार नाही. स्थलांतर झालंच तर तिकडच्या शाळेत बसवण्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे. या दोन गोष्टी आधी नीट चालल्या पाहिजेत, यात वाद नाही. मोबाईल शाळेची जागा घेऊ शकत नाही. पण तरीही जे लेकरू कोपीवर जाणारच आहे, त्याच्यासोबत आपल्या बाईंचा आवाज गेला, रोजचं एक गणित गेलं, तर शाळेशी असलेला धागा तुटत नाही.

अडचणी माहीत आहेत. घरात फोन एकच, तो बापाच्या खिशात. फडात रेंजचा भरवसा नाही. रिचार्ज संपला की संपला. म्हणून तर धडे आधीच फोनमध्ये उतरवून द्यायला पाहिजेत. 'दीक्षा' ॲपवर साहित्य डाउनलोड करून नंतर नेटशिवाय बघता येतं. ऑडिओ तर अगदी साध्या फोनच्या मेमरी कार्डावर पण मावतो.

हे करणारे शिक्षक आपल्याकडं आहेत. पण त्यांचा दिवस जातो कुठं? मतदार यादी, सर्वेक्षण, पोषण आहाराची नोंद, या पोर्टलवर माहिती भर, त्या पोर्टलवर फोटो टाक. शिकवायला जो वेळ उरतो त्यातूनच ते हे सगळं करतात. ५ सप्टेंबरला शाल-श्रीफळ द्यायचं आणि ६ तारखेपासून पुन्हा याद्या हातात द्यायच्या, याला सन्मान म्हणत नाहीत.

म्हणून मांजरसुंबा, नेकनूर, चौसाळा, लिंबागणेश या भागातल्या लोकांना तीन गोष्टी सांगायच्यात. एक, शिक्षकानं बनवलेलं काही पुढं पाठवाल तर त्यांच्या नावासकट पाठवा. दोन, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत जाऊन विचारा, यंदा फडावर जाणारी लेकरं किती आणि त्यांच्यासोबत काय देणार? तीन, ग्रामपंचायतीनं शाळेला नेट आणि मेमरी कार्डापुरते पैसे द्यावेत. कमानीच्या खर्चापुढं ही रक्कम काहीच नाही.

टोळ्या निघायच्या आधी हे झालं पाहिजे. दिवाळीनंतर बोलून उपयोग नाही, तोवर लेकरं गेलेली असतात.