पायरीवरची बाई आणि माझी आत्या

१० एप्रिल २०२५, गुरुवार
सप्तशृंग गड. पौर्णिमा परवावर आली, खानदेशातून पायी निघालेले लोक नांदुरीचा घाट चढताहेत. पहिल्या पायरीशी एक बाई घुमत होती. केस सुटलेले, डोळे चढलेले, घशातून हुंकार. दोघींनी तिला धरलं, तिसरीनं मळवट भरला. ‘माय, काय चुकलं आसंल तं सांग,’ एक म्हातारे हात जोडून विनवत होते. घरी या बाईचं इतकं कोण ऐकून घेत असेल?

१५ एप्रिल, मंगळवार
निफाडला आत्याकडे. तीही एकटीच बोलते. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, गेलेल्या मुलाशी. तो गेला तेव्हा सासरचे म्हणाले, बाहेरचं लागलंय. त्र्यंबकेश्वरी तीन दिवसांचा नारायण नागबळी केला, तिला जपलं. पुढे काका गेले आणि तिनं सातबाऱ्यावर नाव लावायला सांगितलं. तेव्हापासून ‘डोकं फिरलंय तिचं, सही काय चालायची!’ बोलणं तेच, मुलगाही तोच. मध्ये फक्त दीड एकर द्राक्षबाग आली.

१७ एप्रिल, गुरुवार
२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा वाचला. तिसरं कलम दोनदा वाचलं. जात, पैसा, धर्म पाहून किंवा समाजाच्या रीतीत बसत नाही म्हणून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. आणि आजार असला, तरी तेवढ्यावरून माणूस विकल मनाचा ठरत नाही; ते न्यायालयानं ठरवायचं. हे गावात कुणालाच ठाऊक नाही. डॉक्टर मंडळीही काळाच्या बाहेर नसतात म्हणा. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली ती १९७३ साली. त्याआधी निरोगी माणसांवर किती उपचार झाले असतील!

पण आत्याला त्रास आहे, हेही खरं. रात्र रात्र डोळा लागत नाही, जेवण तुटलंय. तिला वेडी म्हणू नका म्हणताना तिचं औषध राहून जायला नको.

२२ एप्रिल, मंगळवार
सिव्हिलमध्ये केसपेपर काढला. धाकटे दीर सोबत आले होते, तेच सगळं सांगू लागले. डॉक्टरबाईंनी त्यांना बाहेर बसवलं. आत्या आधी गप्प होती, मग म्हणाली, ‘पोराशी बोलते, ते राहू द्या. झोपेचं तेवढं बघा.’ पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या. केसपेपरवर तिनं स्वतः सही केली, सावकाश, पूर्ण नाव. वारसनोंदीचा अर्ज उद्या तलाठ्याकडे देतोय, त्यावरही तिचीच सही आहे.